साथीच्या काळात अत्यावश्यक सेवेतील पालकांसाठी पाळणाघर कसे सुरू ठेवावे

साथ आली की शाळा आणि पाळणाघरे बंद करण्याचा निर्णय लगेच होतो आणि वरवर पाहता तो सुरक्षितही वाटतो. परंतु परिचारिकेची ड्युटी त्या दिवशी थांबत नाही. रुग्णवाहिकेचा चालक, पाणीपुरवठ्यावरचा कर्मचारी, सफाई कामगार, औषधांच्या गोदामात माल चढवणारा हमाल यांपैकी कोणालाही घरून काम करता येत नाही, आणि त्यांची मुले कुठेतरी राहणारच असतात. पाळणाघराला कुलूप लागले की ती आजी-आजोबांकडे जातात, शेजाऱ्यांकडे जातात किंवा थोरल्या भावंडाच्या भरवशावर घरी राहतात. कोविड-१९ सारख्या रोगात तर ज्यांना सर्वांत अधिक जपायचे त्याच वृद्धांच्या मांडीवर ती जाऊन बसतात. अमेरिकेतील आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी २०२० मध्ये ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता की, शाळा बंद झाल्यास सुमारे २९ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांवर ३ ते १२ वर्षे वयाची मुले सांभाळण्याची जबाबदारी येते. तेवढी माणसे ऐन गरजेच्या वेळी कामावरून कमी झाली तर रुग्णालयाचे काय होईल, याचा विचार पाळणाघर बंद करण्यापूर्वीच व्हायला हवा.

हे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. छोटे पाळणाघर चालवणाऱ्या संचालिका, स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी सोय उभी करू पाहणारे रुग्णालय, किंवा न्यूयॉर्क शहराने मार्च २०२० मध्ये केले तसे रिकाम्या शाळांच्या इमारतींत तात्पुरती केंद्रे चालवणारे प्रशासन, यांपैकी कोणीही असले तरी पायऱ्या जवळपास त्याच राहतात. एक मत आधीच स्पष्टपणे नोंदवतो. जंतुनाशकाच्या फवारणीवर जितका वेळ आणि पैसा जातो, त्याचा मोठा भाग एकमेकांत न मिसळणाऱ्या लहान गटांवर आणि कर्मचाऱ्यांच्या पगारी रजेवर खर्च झाला, तर पाळणाघर अधिक दिवस उघडे राहते.

आधी रोगाची चाल समजून घ्यावी

मागच्या साथीचे नियम जसेच्या तसे पुढच्या साथीला लावणे धोक्याचे आहे. कोविड-१९ मध्ये बहुतेक लहान मुलांचा आजार सौम्य होता आणि भीती मुख्यतः त्यांच्या घरातील मोठ्यांची होती. २००९ च्या एच१एन१ फ्लूमध्ये मात्र वृद्धांपेक्षा मुले आणि तरुण यांनाच अधिक लागण झाली. रोग हवेतून पसरत असेल तर खिडक्यांना महत्त्व येते. उलट्या-जुलाबांतून पसरत असेल तर शौचालय, लंगोट बदलण्याची जागा आणि साबण यांना. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा परिणाम फारसा होत नाही, तेथे साबण आणि वाहत्या पाण्याखेरीज पर्याय नाही.

म्हणून दार उघडण्यापूर्वी स्थानिक आरोग्य यंत्रणेकडून चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत: रोग कशातून पसरतो, लक्षणे दिसण्याच्या आधीही तो पसरतो का, मुलांमध्ये तो किती गंभीर होतो, आणि संपर्क आल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जाऊ शकतात. गटाचा आकार, विलगीकरणाचे दिवस, मास्कचा नियम हे सारे याच उत्तरांवर बेतायचे असते. मुलांनाच गंभीर आजार होत असल्याचे दिसले, तर एका छताखाली मुले जमवण्याऐवजी प्रत्येक घरी एक सांभाळणारी व्यक्ती पाठवणे हा मार्ग शहाणपणाचा ठरेल, आणि तसे असेल तर पाळणाघर उघडण्याचा हट्ट धरू नये.

परवाना, विमा आणि अग्निसुरक्षा यांबाबतचे कागद याच टप्प्यावर तपासावेत. आणीबाणीच्या काळात काही अटी शिथिल होतात, परंतु ती शिथिलता तोंडी आश्वासनावर गृहीत धरू नये.

जागा कोणाला द्यायची

जागा नेहमीपेक्षा कमी असणार आणि मागणी जास्त, त्यामुळे प्रवेशाचा निकष पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून दाराजवळ लावावा. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये पालकांपैकी एक जण अत्यावश्यक सेवेत असला तरी मुलाला प्रवेश मिळू शकत होता. मात्र ज्यांना मुलाला घरी सुरक्षितपणे सांभाळणे शक्य आहे त्यांनी घरीच सांभाळावे, अशी सूचनाही सोबत होती. ज्या मुलांना घरी धोका आहे किंवा ज्यांना विशेष आधाराची गरज आहे, त्यांनाही तेथे दार उघडे होते. हा दुसरा भाग सहज विसरला जातो, म्हणून निकष लिहितानाच तो त्यात घालावा.

यादी करताना डॉक्टर आणि अधिकारी यांची नावे आपोआप वर येतात, कारण त्यांना फोन कोणाला करायचा हे ठाऊक असते. वॉर्डातील सफाई कर्मचारी, कंत्राटी तंत्रज्ञ, स्वयंपाकघरातील मदतनीस यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचतच नाही. त्यांच्या मुकादमाकडे किंवा कंत्राटदाराकडे स्वतः जाऊन विचारावे. एकल पालक, दोघेही अत्यावश्यक सेवेत असलेले पालक, आणि ज्यांच्या घरी मूल सांभाळणारी व्यक्ती वयस्क किंवा आजारी आहे असे पालक, या क्रमाने जागा दिल्या तर फारसा अन्याय होत नाही.

प्रवेश-अर्जात नेहमीच्या माहितीशिवाय तीन गोष्टी आवर्जून असाव्यात. पहिली म्हणजे पुढील दोन आठवड्यांचे ड्युटीचे वेळापत्रक. ‘मूल किती वाजता सोडणार’ असे विचारले तर पालक आदर्श वेळ सांगतात. वेळापत्रक मागितले तर खरे चित्र कळते. बारा तासांची पाळी, त्यानंतर पुढच्या पाळीला काम समजावून देण्याचा वेळ, घरी परतून अंघोळ आणि मग मुलाला घेण्यासाठी येणे, असा हिशेब केला तर मूल चौदा तास आपल्याकडे असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे पालक अचानक आजारी पडले, दवाखान्यात दाखल झाले किंवा विलगीकरणात गेले तर मुलाला नेण्यास अधिकृत असलेल्या किमान दोन व्यक्तींची नावे, आणि त्या दोघी किंवा दोघे एकाच घरातील नसावेत. अत्यावश्यक सेवेतील पालकांबाबत ही शक्यता दूरची नसते. तिसरी, लसीकरणाची नोंद. २०२० मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ३० लाख बालके नेहमीच्या मूलभूत लसींना मुकली, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची आकडेवारी सांगते. मोठ्या साथीच्या सावलीत गोवरासारखा जुना रोग पाळणाघरात शिरू नये, यासाठी राहिलेल्या लसी कुठे मिळतील हे पालकांना सांगणे आपल्याच हिताचे आहे.

आधी माणसे मोजावीत, मग मुले

नवखे चालक खोलीत किती गाद्या बसतात हे पाहून जागा ठरवतात. साथीच्या काळात मोजणी कर्मचाऱ्यांपासून सुरू करावी लागते. ज्यांना स्वतःलाच रोगाचा धोका अधिक आहे, ज्यांच्या घरी अत्यंत आजारी व्यक्ती आहे, जे साथीमुळे येऊ शकणार नाहीत, त्यांना वगळून उरतील तेच आपले बळ. त्यातून प्रत्येक गटासाठी किमान दोन जण लागतात, कारण एकीला शौचालयात जायचे असले तरी मुले एकटी सोडता येत नाहीत आणि दुसऱ्या गटातून माणूस बोलावता येत नाही. तान्ह्या बाळांसाठी साधारण तीन ते चार बाळांमागे एक व्यक्ती हे प्रमाण अनेक ठिकाणी पाळले जाते; आपल्याकडील कायदेशीर प्रमाण त्याहून सैल असले तरी साथीत ते सैल ठेवू नये.

लहान आणि पक्क्या गटांमुळे काय साधते, याचे बऱ्यापैकी चांगले उदाहरण अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याचे आहे. तेथे १ जून २०२० पासून पाळणाघरे पुन्हा उघडली, तेव्हा सुरुवातीला एका गटात कर्मचारी धरून जास्तीत जास्त १२ जण, आणि गटांची अदलाबदल नाही, असा नियम होता. जूनच्या अखेरीस ती मर्यादा २० वर नेण्यात आली. दोन महिन्यांत ६६६ केंद्रे सुरू झाली, त्यांपैकी २९ केंद्रांत मिळून ५२ निश्चित किंवा संभाव्य रुग्ण आढळले, आणि केंद्राच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे रोग गेल्याची शक्यता फक्त चार केंद्रांत दिसली. याउलट, त्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीमधील तीन केंद्रांच्या पाहणीत, केंद्रात लागण झालेल्या १२ मुलांकडून बाहेरच्या ४६ संपर्कांपैकी किमान १२ जणांना लागण झाल्याचे आढळले. दोन्ही उदाहरणे एकत्र वाचावीत. मुले रोग घरी नेऊ शकतात, आणि नीट आखणी केल्यास बहुतेक वेळा ते टाळताही येते.

गट प्रत्यक्षात फुटतो तो मधल्या वेळात. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर मुले कमी असतात, म्हणून सर्वांना एका खोलीत बसवण्याची पाळणाघरांची जुनी सवय असते, आणि दिवसभर पाळलेला नियम त्या दोन तासांत वाया जातो. ही वेळ भागवायची असेल तर मुले वयानुसार न वाटता पालकांच्या पाळीनुसार वाटावीत: पहाटे येणाऱ्यांचा एक गट, उशिरा येणाऱ्यांचा दुसरा. वयाचे मिश्रण झाले तरी चालते. सख्खी भावंडे नेहमी एकाच गटात ठेवावीत, कारण ती रात्री घरी एकत्रच असतात. जेवण वाढणारी, गाडी चालवणारी, मधल्या सुट्टीत बदली येणारी व्यक्ती कोणत्या गटाची, हे नावानिशी ठरवावे. ती खोलीत न शिरता दारात ताट ठेवून गेली तरी पुरते.

एकाच अतिदक्षता विभागातील पालकांची मुले एकाच गटात ठेवावीत की विभागून, हा प्रश्न हमखास येतो. एकत्र ठेवली तर त्या विभागातून रोग आल्यास एकच गट बंद होतो, परंतु तो गट बंद झाल्याबरोबर त्या विभागातील कितीतरी परिचारिका एकाच दिवशी घरी बसतात. माझा कल विभागून ठेवण्याकडे आहे. आपण ज्या कामासाठी पाळणाघर उघडे ठेवतो, ते काम एका फोनने ठप्प होता कामा नये. रुग्णालयाच्या परिचारिका-प्रमुखांशी बोलून हे आधीच ठरवून घ्यावे.

खोली, खिडकी आणि अंगण

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात मुलांना जितका वेळ मोकळ्या हवेत ठेवता येईल तितका ठेवावा. १५ एप्रिल २०२० पासून डेन्मार्कने युरोपात सर्वांत आधी पाळणाघरे आणि लहान इयत्तांच्या शाळा उघडल्या, तेव्हा लहान गट, वारंवार हात धुणे आणि शक्य तेवढा वेळ बाहेर घालवणे यांवरच भर होता. अंगण एकच असेल तर गटांच्या वेळा वाटून घ्याव्यात. झोका-घसरगुंडी प्रत्येक गटानंतर पुसत बसण्यापेक्षा मुलांचे हात धुऊन घेणे सोपे आणि अधिक परिणामकारक आहे.

आत असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडे ठेवून हवा आरपार जाईल असे पाहावे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र उपयोगी पडते: बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असते, खोलीत ८०० च्या आत राहिले तर हवा पुरेशी बदलते आहे असे समजावे, आणि १५०० च्या वर गेले तर मुले बाहेर काढून खोली मोकळी करावी. खिडक्या उघडता येत नसतील तर हेपा फिल्टरचे (हवेतील अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवावे, मात्र त्याची क्षमता खोलीच्या आकारमानाला पुरेशी आहे का हे पाहूनच. झोपेच्या वेळी गाद्यांमध्ये शक्य तितके, जमल्यास सहा फूट, अंतर ठेवावे आणि एकाचे डोके तर शेजारच्याचे पाय अशा उलटसुलट रचनेत मुले झोपवावीत. तोंडे आपोआप दूर जातात.

सकाळचे दार

मूल घेण्याची जागा उंबऱ्याबाहेर असावी. पालकांना आत येऊ दिले नाही तर पहिले काही दिवस रडारड होते. ती टाळण्यासाठी दारावर रोज त्याच गटातील ओळखीची व्यक्ती उभी राहील अशी पाळी लावावी, कारण लहान मूल नियम ओळखत नाही, चेहरा ओळखते. प्रत्येक गटाला दहा-दहा मिनिटांच्या वेगवेगळ्या वेळा दिल्या की दाराशी गर्दी होत नाही.

तापमान मोजावे, पण त्यावर विसंबू नये. कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरने ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक दाखवले तर मूल घेऊ नये; कमी दाखवले म्हणून ते निरोगी आहे असे मात्र नाही. त्याहून कामाचा एक प्रश्न आहे, तो रोज आणि कोणताही संशय न दाखवता विचारावा: ‘गेल्या चोवीस तासांत तापाचे औषध दिले आहे का?’ पाळी चुकली तर वॉर्डात कोणीच नाही, ही टोचणी असलेली आई पहाटे पॅरासिटामॉलचे सिरप देऊन मुलाला आणते आणि दुपारी बारा वाजता, औषधाचा असर उतरला की, मूल तापाने फणफणते. तिला रागावून काही साधत नाही. पुढच्या वेळी ती खरे सांगणार नाही, एवढेच होईल. अशा दिवसासाठी तिच्या विभागात बदली मिळण्याची सोय आपण आधीच करून ठेवली असेल, तर ती खरे सांगेल. तापाच्या औषधाविना चोवीस तास ताप नसेल तर आणि तोपर्यंतच्या इतर अटी पूर्ण होत असतील तरच मूल परत घ्यावे.

रुग्णसेवेतून येणाऱ्या पालकांना एवढेच सांगावे की, शक्य असल्यास कामावरून निघण्यापूर्वी कपडे बदलावेत, हात-तोंड स्वच्छ धुवावे आणि मगच मुलाला कडेवर घ्यावे. सर्वांसमोर त्यांना वेगळ्या रांगेत उभे करणे किंवा त्यांच्या मुलांना वेगळे बसवणे हे अपमानास्पद आहे आणि त्याने संरक्षणही मिळत नाही.

तान्ह्यांना कडेवर घ्यावेच लागते

दूर राहण्याचे नियम बाळांच्या खोलीत लागू पडत नाहीत. रडणारे बाळ कडेवर घ्यायचे, खांद्यावर टाकून ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा. हे करू नका असे सांगणारी सूचना कोणीही पाळू शकत नाही आणि पाळूही नये. त्याऐवजी हे करावे. प्रत्येक संगोपिकेने स्वतःच्या कपड्यांवर समोरून बटणे असलेला सैल, लांब बाह्यांचा शर्ट घालावा आणि केस वर बांधावेत. बाळाची लाळ, नाकातले पाणी किंवा उलटी शर्टावर पडली की शर्ट लगेच बदलावा, बाळाचेही कपडे बदलावेत, आणि मान, हात किंवा जिथे ओल लागली ती जागा साबणाने धुवावी. बटणांचा शर्ट अशासाठी की तो डोक्यावरून काढावा लागत नाही, म्हणून घाण तोंडाला लागत नाही. दर व्यक्तीमागे दिवसाला तीन-चार शर्ट लागतात, बाळांचेही बदलीचे कपडे तितकेच. ओले कपडे पिशवीत बांधून घरी पाठवावेत, पाळणाघरात खळबळू नयेत.

लंगोट बदलल्यावर संगोपिकेचे आणि बाळाचे, दोघांचेही हात धुवावेत. हात किमान वीस सेकंद साबणाने चोळावेत. साबण-पाणी जवळ नसेल तेथे किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर चालेल, परंतु बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नये. लहान मुलाने ते प्यायल्यास विषबाधा होते. मास्क कर्मचाऱ्यांनी वापरावा. दोन वर्षांखालील मुलांना मास्क मुळीच लावू नये, त्यांचा श्वास अडकू शकतो. पाच वर्षे आणि त्याखालील मुलांवर सक्ती करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची २०२० ची शिफारस होती.

खेळण्यांचा प्रश्न एका बादलीने सुटतो. मुलाने तोंडात घातलेले खेळणे जमिनीवर राहू न देता ‘धुवायचे’ असे चिकटवलेल्या बादलीत टाकावे आणि दिवसाअखेर सगळी खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन, निर्जंतुक करून, स्वच्छ पाण्याने खळबळून, हवेवर वाळवावीत. मऊ, केसाळ खेळणी साथ असेपर्यंत कपाटात राहिली तर बरे. फरशी, टेबल, दारांच्या मुठी यांसाठी ५ टक्के क्षमतेच्या घरगुती ब्लीचचे २० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालत एकूण एक लिटर द्रावण करावे, म्हणजे सुमारे ०.१ टक्का द्रावण मिळते. आधी साबणाने मळ काढावा, कारण मळावर ब्लीच निष्प्रभ होते. मग द्रावण लावून पृष्ठभाग किमान एक मिनिट ओला राहू द्यावा. द्रावण रोज नवे करावे, मुले खोलीत नसताना वापरावे, आणि कोणत्याही आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नये.

मूल आजारी पडले तर

प्रत्येक केंद्रात एक छोटी, हवेशीर, रिकामी खोली या कामासाठी राखून ठेवावी. लक्षणे दिसलेल्या मुलाला तेथे एकटे न ठेवता त्याच्याच गटातील एका व्यक्तीने मास्क लावून त्याच्याजवळ बसावे. आजारी मुलाला परक्या माणसाकडे देणे हे त्याच्यासाठी वाईट आणि रोगासाठी सोयीचे आहे. श्वास जलद चालणे किंवा छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, मूल काही पीत नसणे, उठवूनही सुस्त राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास पालकांची वाट न पाहता वैद्यकीय मदत बोलवावी. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश ताप आला, तर तो एकटा ताप हेदेखील तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे.

रोगाची खात्री झाल्यावर आरोग्य यंत्रणेला कळवावे, त्या गटातील सर्व पालकांना त्याच दिवशी सांगावे आणि ठरलेल्या दिवसांसाठी फक्त तो गट थांबवावा. निरोपात आजारी मुलाचे किंवा पालकाचे नाव नसावे. मजकूर आधीच तयार ठेवावा. गडबडीत लिहिलेल्या निरोपातून नको ते तपशील बाहेर पडतात आणि एखादे कुटुंब वर्षानुवर्षे बोल ऐकत राहते.

कर्मचाऱ्यांचा पगार हाच खरा बचाव

इतर सर्व पायऱ्या नीट झाल्या तरी ही राहिली तर पाळणाघर बंद पडते. घसा दुखत असतानाही कामावर आलेली संगोपिका हे पाळणाघरात रोग शिरण्याचे मोठे दार आहे, आणि ती बहुधा बेफिकिरीने आलेली नसते. एका दिवसाची मजुरी कापली जाणार असेल आणि घरी तिच्यावर चार माणसे अवलंबून असतील, तर ती गोळी घेऊन येणारच. म्हणून आजारपणाची आणि विलगीकरणाची रजा पूर्ण पगारी असावी, त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागू नये, आणि रजेवर असलेल्याच्या जागी येणाऱ्या दोन-तीन प्रशिक्षित व्यक्तींची यादी तयार असावी. लस उपलब्ध झाली तर संगोपिकांचा अग्रक्रम आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने मागावा. त्या अत्यावश्यक कर्मचारीच आहेत.

अमेरिकेत पाळणाघरांत काम करणाऱ्या ५७ हजारांहून अधिक जणांच्या एका मोठ्या पाहणीत, साथीच्या पहिल्या काही महिन्यांत ज्यांचे पाळणाघर सुरू राहिले आणि ज्यांचे बंद झाले, त्यांच्यात कोविडच्या लागणीचा फरक दिसला नाही. त्या केंद्रांनी कडक काळजी घेतली होती आणि आसपास रोगाचा प्रसारही तुलनेने कमी होता, या दोन अटींसह हा निष्कर्ष कर्मचाऱ्यांना सांगावा. त्याने धीर येतो, आणि अटी सोबत सांगितल्याने विश्वास टिकतो.

हे सगळे पैशांवाचून होत नाही. मुले निम्मी आणि कर्मचारी तेवढेच, तर फीमधून खर्च निघणे अशक्य आहे, आणि तो बोजा अत्यावश्यक सेवेतील पालकांवर टाकणेही योग्य नाही. ऑस्ट्रेलियाने ६ एप्रिल ते १२ जुलै २०२० या काळात पालकांकडून फी न घेता केंद्रांना थेट सरकारी निधी दिला होता. आपल्याकडे सरकारी निधी नसेल तर ज्या रुग्णालयाचे किंवा कंपनीचे कर्मचारी आपली मुले ठेवतात, त्यांच्याशी मासिक करार करावा. रक्कम राखीव जागांवर ठरवावी, हजेरीवर नव्हे. हजेरीवर ठरवली तर गट विलगीकरणात गेलेल्या आठवड्यात उत्पन्न शून्यावर येते, आणि त्याच आठवड्यात पगार देणे सर्वांत आवश्यक असते.

रात्रपाळी आणि मुलांचे मन

रात्रीची सोय केली तर प्रत्येक गटात दोन व्यक्ती पूर्ण रात्र जाग्या असाव्यात आणि त्यांना सकाळी पुन्हा कामाला लावू नये. मुलाच्या घरचे पांघरूण त्याच्यासोबत राहू द्यावे. नाव घालून वेगळ्या पिशवीत ठेवले आणि आठवड्याला धुतले की पुरते.

ज्या मुलाचे आई-वडील विलगीकरणात किंवा दवाखान्यात आहेत, त्याला ‘आई उद्या येईल’ असे खोटे सांगू नये. ‘आईला बरे वाटत नाही, डॉक्टर तिची काळजी घेत आहेत, आज तुला मावशी न्यायला येणार आहे’ इतके खरे आणि इतके थोडके त्याला पुरते. आईशी रोज ठरावीक वेळी फोनवर बोलणे घडवून आणावे, आणि त्या दिवसांत त्याचा गट किंवा त्याची संगोपिका बदलू नये.

कधी थांबायचे आणि पुन्हा कसे सुरू करायचे

बंद करण्याचा उंबरठा भीतीच्या दिवशी ठरवू नये. किती गटांत एकाच वेळी रोग आढळला, किती कर्मचारी गैरहजर असले किंवा आरोग्य यंत्रणेचा कोणता इशारा आला म्हणजे केंद्र थांबेल, हे आधी लिहून पालकांच्या आणि त्यांच्या कार्यालयांच्या हाती द्यावे. कर्मचाऱ्यांचे प्रमाण राखता येत नसेल तर रोग नसला तरी त्या दिवशी तो गट घेऊ नये. थकलेल्या एका व्यक्तीच्या हाती दहा मुले हा साथीइतकाच मोठा धोका आहे. बंद होण्याची वेळ आलीच तर आदल्या संध्याकाळी सहापूर्वी कळवावे, म्हणजे पालकांना पाळी बदलून घेता येते.

पुन्हा सुरू करताना सर्व गट एकाच सकाळी आणू नयेत. थोड्या मोठ्या मुलांचा गट आधी, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुढचा, आणि तान्ह्यांचा गट शेवटी, कारण त्याला सर्वांत अधिक हात लागतात आणि रजेवरून परतलेल्या संगोपिका तोवर पुरत्या सावरलेल्या असतात. पहिल्या दिवसाच्या आदल्या दुपारी प्रत्येक पालकाला फोन करून ड्युटीचे नवे वेळापत्रक आणि अधिकृत व्यक्तींचे फोन क्रमांक पुन्हा तपासून घ्यावेत.